चेक इंजिन लाइट: पी०१७१ आणि पी०३०२, तेही फक्त घाटात (पेट्रोल सेडान, इंदूर)

राजेंद्रनगरकर · सोमवार, रात्री ९:१२

गाडी २०१६ ची पेट्रोल सेडान. १.२ लिटर, चार सिलिंडर, मॅन्युअल, बीएस-४, ८४,००० किमी. सीएनजी किट नाही.

त्रास एकच: धामनोद सोडून मानपूरचा घाट चढताना तिसऱ्या गिअरात झटके. चेक लाइट आधी लुकलुकली, पाय सैल केल्यावर स्थिर पेटून राहिली. इंदुरात रिंग रोडवर, एसी लावून, चौघे बसलेले असतानाही काही जाणवत नाही. आयडल छान आहे.

ब्लूटूथ स्कॅनरवर दोन कोड आले: पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ, आणि पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचं मिसफायर. एअर फिल्टर नवा आहे, प्लग बहुतेक कंपनीचेच. मिस्त्री म्हणतात पुढचा ऑक्सिजन सेन्सर गेला, बदला. मागवण्याआधी इथे विचारतोय.

गोटीपाना · ९:३१

सेन्सर मागवू नका, कोड पुसू नका. पुसलेत तर फ्रीझ फ्रेम जाईल आणि सध्या तीच सगळ्यात कामाची आहे. कोड नोंदला गेला त्या क्षणाचा आरपीएम, लोड, वेग, कूलंटचं तापमान आणि ट्रिम (इंजिनच्या संगणकाने, म्हणजे ईसीयूने, पेट्रोलात केलेली टक्केवारीतली दुरुस्ती) तिच्यात जपलेले असतात.

लाइट लुकलुकत असेल तर गाडी तशीच रेटायची नाही. न जळलेलं पेट्रोल सायलेंसरात जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवतं, आतली जाळी वितळेपर्यंत. पाय सैल केलात ते बरोबर. स्थिर पेटलेल्या लाइटवर घरापर्यंत येता येतं.

हे आकडे द्या:
– फ्रीझ फ्रेम, सगळी
– इंजिन बंद, चावी ऑन: मॅप सेन्सरचा (हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डमधला) दाब
– गरम इंजिन, एसी बंद, आयडल: मॅप, शॉर्ट (त्या क्षणाची) आणि लाँग (शिकून ठेवलेली) ट्रिम
– न्यूट्रलमध्ये २५०० आरपीएम धरून तेच
– दोन्ही ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्ट

चिमणबाग · ९:४०

एवढं कशाला भिया, बॅटरीचा निगेटिव्ह दहा मिनिटं काढून ठेवा, लाइट जाते.

गोटीपाना · ९:४८

लाइट जाते, बिघाड तिथेच राहतो. वर फ्रीझ फ्रेम पुसली जाते, शिकलेले ट्रिम शून्यावर येतात आणि ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्या पहिल्यापासून सुरू होतात. नंतर स्कॅनर लावणाऱ्याला पाटी कोरी मिळते.

परदेशी_पाहुणा · १०:०५

इकडे अशा वेळी आधी पेट्रोलचं झाकण घट्ट करायला सांगतात. ते पाहिलंत का?

नर्मदाकाठ · १०:२०

अमेरिकेत तो सल्ला बरोबर आहे, कारण तिथे गाडी टाकीतली वाफ कुठे गळतेय का ते स्वतः तपासते. आपली बीएस-४ ओबीडी (गाडीची स्वतःची दोष-तपासणी) युरोपीय धर्तीची. तिच्यात ती वाफ इंजिनात सोडणाऱ्या पर्ज व्हॉल्व्हचं विजेचं कनेक्शन तेवढं तपासलं जातं, त्यामुळे आपल्या बहुतेक गाड्यांना झाकण सैल असल्याचं कळतच नाही. आणि झाकणामुळे घाटात झटके तर नक्कीच बसणार नाहीत.

राजेंद्रनगरकर · मंगळवार, रात्री ८:५०

फ्रीझ फ्रेम (पी०१७१ ची): २८६० आरपीएम, लोड ७८ टक्के, ५८ किमी/तास, कूलंट ९१ अंश, शॉर्ट +५, लाँग +१८.

चावी ऑन, इंजिन बंद: मॅप ९४ केपीए.
आयडल ७५० आरपीएम: मॅप ३२, शॉर्ट +१, लाँग +५.
न्यूट्रल २५००: दोन्ही मिळून +८.
पुढचा ऑक्सिजन सेन्सर ०.१ ते ०.८ व्होल्ट सतत वरखाली, मागचा ०.६५ वर जवळजवळ स्थिर.

मॅप ९४ म्हणजे सेन्सर कमी दाखवतोय का? नेटवर सगळीकडे १०१ लिहिलंय.

नर्मदाकाठ · ९:१५

१०१ समुद्रकिनाऱ्यावर. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, इथे ९४-९५ च यायला हवेत. वडोदऱ्यात हाच सेन्सर शंभराच्या आसपास दाखवेल. इंजिन बंद असताना मॅप म्हणजे त्या गावचा हवेचा दाब. इंदुरात १०१ आले असते तर मात्र सेन्सर संशयित ठरला असता.

गोटीपाना · ९:४४

आकडे छान घेतलेत. आता ते वाचू.

ट्रिम म्हणजे ईसीयू आपल्या हिशेबापेक्षा किती टक्के जास्त पेट्रोल सोडतोय ते. +१० पर्यंत चालवून घेतात. शॉर्ट आणि लाँगची बेरीज २५ च्या आसपास गेली की बहुतेक गाड्या पी०१७१ टाकतात, नेमकी मर्यादा कंपनीनुसार बदलते. तुमची बेरीज आयडलला ६, रिकाम्या २५०० ला ८, घाटात २३. लोड वाढला की तूट वाढते.

आता लोक पी०१७१ दिसला की व्हॅक्यूम पाइप शोधत बसतात. ते एअरफ्लो सेन्सरच्या गाडीला लागू. तिथे सेन्सरच्या पुढचा पाइप फाटला की आत शिरणारी हवा मोजलीच जात नाही, म्हणून आयडलला ट्रिम +१५-२० आणि २५०० ला जवळजवळ ठीक. तुमच्या गाडीत एअरफ्लो सेन्सर नाही, मॅप आहे. तो मॅनिफोल्डमधला दाब मोजतो. चोरून आलेली हवा दाबात दिसतेच आणि ईसीयू तिच्यापुरतं पेट्रोल सोडून मोकळा होतो. अशा गाडीत व्हॅक्यूम गळती असेल तर ट्रिमपेक्षा आयडल चढतं, ९००-११०० वर अडकतं. तुमचं ७५० आहे आणि मॅप ३२. गळती नाही.

तेव्हा उरतात तीन गोष्टी: पेट्रोल कमी पोचतंय, सेन्सर खोटं बोलतोय, किंवा सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट फुटलाय आणि बाहेरची हवा आत ओढली जातेय.

छावणीतला_वायरमन · १०:०२

सेन्सर खरा की खोटा ते पाहायला दोन सोप्या चाचण्या.

एक: आयडलवर एअर क्लीनरच्या तोंडाशी कार्ब क्लीनरचा छोटासा फवारा. पुढचा सेन्सर क्षणात ०.८ च्या वर उडाला तर जिवंत आहे. फवारा गरम मॅनिफोल्डपासून लांब ठेवा, पेट घेतो.

दोन: सपाट मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरात २५०० पासून पाय पूर्ण दाबा, शेजारी बसलेल्याला स्क्रीन बघू दे. पूर्ण दाबल्यावर ईसीयू मुद्दाम घट्ट मिश्रण देतो, सेन्सर ०.८५ च्या वर चिकटून राहिला पाहिजे. तिथे तो ०.१-०.२ वर पडला तर पेट्रोल खरोखर कमी पडतंय.

हे जुन्या पद्धतीच्या चार वायरच्या सेन्सरला लागू. बीएस-६ च्या बऱ्याच गाड्यांत वाइडबँड सेन्सर असतो, तो असा वरखाली होत नाही.

नर्मदाकाठ · १०:१८

याहून स्वस्त पुरावा घरात असेल. पीयूसीचा कागद काढा. बीएस-४ पेट्रोलला आयडलवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) २०० पीपीएमपर्यंत, २५०० च्या आसपास सीओ ०.२ पर्यंत आणि लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण, १ म्हणजे अगदी बरोबर) ०.९७ ते १.०३ अशी मर्यादा असते. सेन्सर खोटंच "पातळ, पातळ" म्हणत असता तर ईसीयूने विनाकारण पेट्रोल ओतलं असतं आणि सीओ वर गेला असता.

मात्र तपासणीच्या वेळी यंत्राची नळी सायलेंसरात नीट आतपर्यंत घातलेली हवी. नुसती टेकवली तर आकड्यांना अर्थ नाही.

राजेंद्रनगरकर · बुधवार, रात्री ९:३०

आज नवीन पीयूसी काढून घेतली. सीओ ०.०२, लॅम्डा १.००. फवाऱ्यावर सेन्सर ०.८७ ला गेला. सुपर कॉरिडॉरवर पाय पूर्ण दाबला तर ०.१५ ला पडला आणि एक झटका बसला.

थंड इंजिन सुरू करून एक्झॉस्ट मॅनिफोल्डपाशी कान लावला. टिकटिक नाही, काजळीचा डागही नाही.

गोटीपाना · ९:५२

म्हणजे सेन्सर निर्दोष, तो बिचारा फक्त निरोप आणत होता. पेट्रोल कमी पडतंय.

त्याआधी पी०३०२ उरकून घ्या. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर एकाच फेरीत उत्तर मिळतं: दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर लावा, दुसऱ्याचा प्लग चौथ्यात घाला. आता कोड पुसायला हरकत नाही, फ्रीझ फ्रेम लिहून झालीय. मग लोड देऊन चालवा. पी०३०३ आला तर कॉइल, पी०३०४ आला तर प्लग, पी०३०२ च राहिला तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन.

प्लग पूर्ण थंड इंजिनवरच काढायचे, हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटे येतात. काढण्याआधी खड्ड्यातली धूळ हवेने उडवा. खड्ड्यात ऑइल दिसलं तर टॅपेट कव्हरचं गॅस्केट गेलंय. पाणी दिसलं तर कोणीतरी इंजिनवर प्रेशरने पाणी मारलंय. दोन्हींत मिसफायर येतं आणि लोक उगाच कॉइल बदलतात.

बसवताना आधी हाताने शेवटपर्यंत फिरवा, मग टॉर्क. वायसर असलेल्या १४ मिमी प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीला १५ ते २०. टॉर्क पाना नसेल तर हाताने टेकल्यावर नव्या प्लगला अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. आट्यांना ग्रीस नको.

सयाजीबाग · १०:१०

वडोदऱ्याहून एक आडवा प्रश्न. माझ्या गाडीला सिक्वेन्शियल सीएनजी आहे आणि पी०१७१ येतो. हेच सगळं करायचं का?

गोटीपाना · १०:१६

आधी ट्रिम पेट्रोलवर घ्या, मग त्याच आरपीएमला सीएनजीवर. पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर +२० असेल तर गाडीचा दोष नाही: गॅस फिल्टर, रिड्यूसरचा दाब, गॅस इंजेक्टर आणि किटचं कॅलिब्रेशन या क्रमाने पाहा. दोन्हींवर सारखाच आकडा असेल तर दोष दोघांत सामाईक असलेल्या भागात, म्हणजे मॅप, एक्झॉस्ट गळती, ऑक्सिजन सेन्सर. सीएनजीला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून प्लगची गॅप किटवाल्याने सांगितली तेवढीच, सहसा ०.७-०.८. बाकी नवा धागा काढा, इथे दोन गाड्या मिसळतील.

राजेंद्रनगरकर · शनिवार, दुपारी ४:०५

पी०३०४ आला. म्हणजे प्लग. गॅप मोजली: बाकी तिघांची १.१५-१.२, त्या प्लगची १.४. मॅन्युअलमध्ये १.० ते १.१ आहे. चारही नवे टाकले.

रिंग रोडवर आता लख्ख पळते. पण तिसऱ्या गिअरात लोड देऊन पाहिलं तर ट्रिम अजूनही +२२.

नर्मदाकाठ · ४:४०

तसंच व्हायला हवं. पातळ मिश्रणाला ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून ज्याची गॅप सगळ्यात रुंद तो प्लग आधी हरला. नवे प्लग आहेत तोवर झटके बसणार नाहीत. गॅरेजात "झालं काम" म्हणतात ते याच टप्प्यावर.

आता फ्युएल प्रेशर. मॅन्युअलमध्ये किती दिलंय? परतीची नळी नसलेल्या गाड्यांत सहसा ३ ते ४ बार असतं.

राजेंद्रनगरकर · ४:५२

३.० बार. गेज एका ओळखीच्या गॅरेजात आहे.

गोटीपाना · ५:३०

क्रम असा:

१) पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, इंजिन सुरू करून बंद पडू द्या, आणखी एकदा स्टार्टर मारा. लाइनमधला दाब गेला. मग बॅटरीचा निगेटिव्ह काढा.
२) फ्युएल रेल आणि नळी यांच्यामध्ये टी जोडून गेज. सांध्याखाली फडकं धरा, थोडं पेट्रोल येतंच. आग विझवायचा सिलिंडर हाताशी.
३) सगळं परत जोडून चावी ऑन, गळती बघा, मग स्टार्ट.
४) आयडलचा आकडा लिहा. मग गेजची लांब नळी बॉनेटच्या कडेने बाहेर काढून गेज वायपरखाली, काचेच्या बाहेर बांधा. केबिनमध्ये पेट्रोलची नळी आणायची नाही, कोणी कितीही सांगितलं तरी. लोड देऊन आकडा बघा.

उभ्या गाडीत नुसता रेस देऊन फारसं कळत नाही. तेवढ्याने इंजिन पेट्रोल मागतच नाही.

दाब पडला तर लगेच पंपावर खापर फोडू नका. मागच्या सीटखाली पंपाच्या कनेक्टरवर इंजिन चालू असताना व्होल्टेज मोजा, बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी नको. रिलेचे पॉइंट जळलेले किंवा अर्थिंग गंजलेलं असलं तरी पंप असाच हळू पळतो.

राजेंद्रनगरकर · रविवार, दुपारी १:२०

आयडल २.९. तिसरा गिअर, २८०० आरपीएम, बराच लोड: हळूहळू २.२ पर्यंत उतरला. बॅटरीवर १३.९, पंपावर १३.५ व्होल्ट.

नर्मदाकाठ · १:४५

वायरिंग सुटलं. आता हिशेब जुळतो का बघू.

इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं. २.२ भागिले ३.०, त्याचं वर्गमूळ ०.८५६. म्हणजे १४ टक्के पेट्रोल कमी, आणि ते भरून काढायला ईसीयूला १७ टक्के जास्त वेळ इंजेक्टर उघडा ठेवावा लागतो. आयडलला दाब जवळजवळ पुरता असतानाही तुमची ट्रिम +५-६ आहे. ती बहुतेक ई२० ची, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची. इथेनॉलला हवा कमी आणि इंधन जास्त लागतं: शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा, ई१० ला सुमारे १४.१, ई२० ला साडेतेराच्या आसपास. ई१० वर बेतलेली गाडी ई२० वर चालवली की ४ टक्क्यांच्या आसपास ट्रिम आपोआप चढते. १.१७ गुणिले १.०५ म्हणजे १.२३. फ्रीझ फ्रेममध्ये २३, तुम्ही मोजलेत २२.

ई२० एकट्याने लाइट लावत नाही. पण आधी जी २५ ची मोकळीक होती तिच्यातले ४-५ ते खाऊन बसतं, मग टाकीतल्या पंपाच्या तोंडाची अर्धवट तुंबलेली जाळीही उघडी पडते.

गोटीपाना · २:१०

जाळी, किंवा मॉड्यूलमधला (टाकीत बसणाऱ्या पंपाच्या डब्यातला) बारीक फिल्टर, किंवा पंपच थकलाय. उघडल्याशिवाय कळणार नाही.

टाकी पावभागापेक्षा कमी असू द्या. उघड्यावर काम करा, बंद गॅरेजात नको. बॅटरीचा निगेटिव्ह काढा. जवळ पेटता दिवा, बल्ब, विडी-सिगारेट काही नको. मागची सीट उचलली की पत्र्याचं झाकण दिसेल. ते काढल्यावर आधी ब्रश आणि व्हॅक्यूमने मॉड्यूलच्या आजूबाजूची माती साफ करा. तिथे वर्षानुवर्षांची धूळ असते आणि ती टाकीत पडली तर नवी जाळी परत तुंबते.

कनेक्टर, मग नळीची क्लिप. गोल लॉक रिंग फिरवायला तिचा पाना मिळतो, नसेल तर लाकडी ठोकळा. लोखंडी छिन्नी-हातोडा नको, ठिणगी. मॉड्यूल सरळ वर ओढू नका, तिरपं करून काढा, नाहीतर फ्लोटची दांडी वाकते आणि पुढे पेट्रोलचा काटा खोटा दाखवतो.

राजेंद्रनगरकर · मंगळवार, रात्री ९:४०

जाळी गडद तपकिरी, बोटाला बारीक गाळ. टाकीचा तळ स्वच्छ दिसला. फक्त जाळी बदलली (क्लिपवर बसते) आणि परत मोजलं: लोडवर २.६. सुधारलं, पण ३.० नाही.

गोटीपाना · ९:५५

उरलेला अडथळा बारीक फिल्टरमध्ये. तुमच्या मॉड्यूलमध्ये तो सुटा मिळतो का बघा. बऱ्याच गाड्यांत पंप, फिल्टर आणि रेग्युलेटर एकाच डब्यात येतात, मग पूर्ण मॉड्यूल. ८४,००० नंतर पूर्ण घेणंच बरं, तुंबलेल्या जाळीतून ओढून पंपाचीही झीज झालेलीच असते. पार्ट नंबर चासी नंबरवरून काढून घ्या. नुसतं मॉडेलचं नाव सांगितलं तर दुकानदार मागच्या वर्षीचं देतो आणि कनेक्टर बसत नाही.

जुनी_इंदूर · १०:२०

सेन्सर बदलला असता तर?

छावणीतला_वायरमन · १०:२६

पैसे गेले असते, कोड पुसल्यामुळे लाइट आठवडाभर बंद राहिली असती आणि पुढच्या घाटात परत आली असती.

सेन्सर खरंच जातात तेव्हा बहुतेकदा हीटर जातो, पी०१३५. तिथेही आधी फ्यूज, मग वायर. पावसाळ्यात उंदीर नेमकी हीच वायर कुरतडतात.

राजेंद्रनगरकर · शनिवार, संध्याकाळी ६:१५

पूर्ण मॉड्यूल बदललं. आयडल ३.०, लोडवर २.९५. ट्रिम आयडलला +४, तिसऱ्या गिअरात +५. पाय पूर्ण दाबल्यावर पुढचा सेन्सर ०.८८. कोड पुसले नाहीत, लाइट अजून पेटलेली आहे. पुसू का?

नर्मदाकाठ · ६:४०

पुसलं तरी चालेल, पण न पुसता लाइट स्वतः गेली तर ईसीयूचा होकार मिळतो. लागोपाठ तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही की ती विझते, कोड पुढे ४० वॉर्म-अपनंतर (थंड इंजिन पूर्ण गरम झालं की एक) आपोआप पुसला जातो.

मेख एकच. मिश्रण आणि मिसफायर या दोन प्रकारांत ईसीयू साधारण तीच परिस्थिती परत मागतो: फ्रीझ फ्रेमच्या आरपीएमपासून ३७५ च्या आत, लोड २० टक्क्यांच्या आत, इंजिन तसंच गरम. राजवाडा ते राजेंद्रनगर महिनाभर केलंत तरी ७८ टक्के लोड येणार नाही. गाडी भरून मानपूरचा घाट उतरा आणि तिसऱ्या गिअरात २८०० च्या आसपास वर या. वेगवेगळ्या दिवशी.

जुनी_इंदूर · ७:०५

+४ शून्य का होत नाही?

नर्मदाकाठ · ७:१२

ई२०. त्याच्या मागे लागू नका.

गोटीपाना · ७:३०

एक राहिलं. मॉड्यूलच्या वरच्या कडेखालची रबर रिंग नवी घातलीत ना? जुनी पेट्रोलने फुगलेली असते, परत सरळ बसत नाही. नवीला पेट्रोलचा हलका हात लावून बसवायची, बाणाची खूण टाकीवरच्या खुणेसमोर. आता एकदा टाकी पूर्ण भरा, सीट उचलून झाकणाभोवती कोरडं फडकं फिरवा. पाव टाकीला गळती दिसत नाही, भरल्यावर वळणावर दिसते.

राजेंद्रनगरकर · सोमवार, रात्री ९:००

रिंग नवीच, मॉड्यूलबरोबर आली होती. टाकी फुल केली, फडकं कोरडं, वास नाही. घाट दोनदा झालाय, लाइट अजून आहे. तिसऱ्या फेरीला रविवारी महेश्वर.

छावणीतला_वायरमन · ९:०८

लाइट गेल्यावर पेंडिंग (अजून पक्के न झालेले) कोडही बघा. स्कॅनरमध्ये ती वेगळी यादी असते. तिथे पी०३०२ नसेल तर प्लगचाही विषय संपला.

राजेंद्रनगरकर · रविवार, रात्री १०:१५

येताना मानपूरला थांबून गाडी बंद करून परत सुरू केली, लाइट गेलेली. पेंडिंग यादी रिकामी. घाटात ट्रिम +५.